वीस लिटर

गुरुवार, रात्र

ओमानच्या मुसंदम द्वीपकल्पावरच्या खसब बंदराला, नावेच्या सफरीसाठी निघायला दोन दिवस उरले आहेत आणि सामानाची पिशवी सकाळपासून पलंगावर तोंड उघडून पडली आहे. एरवी हे काम मी अर्ध्या तासात उरकतो. आज ते पुढे सरकत नाही, कारण दुपारी नाखव्याचा निरोप आला. कोणी काय आणायचे याची यादी होती आणि बाकी कोणाच्याही नावापुढे नाही, फक्त माझ्या नावापुढे त्याने लिहिले होते : ‘भाऊ, ह्या टायमाक पाणी वायच बेतान हां.’

वाक्य प्रेमाचे आहे, हे मला कळते. तरीही दाढेत अडकलेल्या बडीशेपेसारखे ते दिवसभर टोचत राहिले आहे. ज्याच्या परसात बारमाही विहीर होती, त्या मालवणच्या माणसाने माण तालुक्यातल्या माणसाला पाणी जपायला शिकवावे? माझा जन्म १९७२ च्या दुष्काळातला. टँकरचा आवाज आला की आम्ही शाळेतून कळशीकडे धाव घ्यायचो, अंघोळ परातीत उभे राहून करायचो आणि परातीतले पाणी शेवग्याच्या आळ्यात ओतायचो. आई एका तांब्यात आम्हा दोघा भावंडांचे हातपाय आणि तोंड धुऊन द्यायची, आणि तरी तांब्याच्या तळाशी घोटभर उरायचे. तो पितळी तांब्या आता कोणाकडे आहे, हे विचारायचे राहूनच गेले. असो.

हिशेब साधा आहे. बावीस फुटी शिडाच्या नावेत आम्ही चौघे, चार दिवसांची सफर, आणि वायव्येचा शमाल वारा उठून एखाद्या खाडीतच अडकून पडलो तर म्हणून एक दिवस जास्तीचा. माणशी रोज चार लिटर धरले, त्यातच स्वयंपाक आला, तर ऐंशी लिटर होतात, म्हणजे ऐंशी किलो. मुसंदमच्या त्या उघड्या चुनखडीच्या डोंगरांत वाटेत पाणी मिळेल ही आशाच ठेवायची नसते. त्यामुळे ज्याचा वीस लिटरचा कॅन त्याने सांभाळायचा, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तीन शाबूत राहतात. आणि पाण्याने खाल्लेले वजन आमच्या सामानातून वजा होते. माणशी आठ किलो, मऊ पिशवीत, जी नाळीखालच्या, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाखालच्या, पोकळीत कोंबता येईल. चाकांची बॅग आणणाऱ्याला धक्क्यावरूनच परत पाठवले जाईल, असेही यादीत आहे. त्याचा मात्र कोणाला राग आलेला दिसत नाही.

हनुवटीखाली दोरी असलेली टोपी, चष्म्याला दोरी, कोपरांपर्यंत नव्हे तर मनगटापर्यंत बाह्या असलेले शर्ट, कारण ऊन वरून येते तेवढेच पाण्यावरून उलटून हनुवटीखालीही भाजते. फुटलेल्या ओठांसाठी कोकमतेलाचा गोळा. डिसेंबरच्या रात्रीसाठी एक स्वेटर. मस्कतहून मोटारीने जायचे म्हणजे अमिरातीत शिरून पुन्हा ओमानमध्ये यायचे, म्हणून पासपोर्ट प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत. इतके भरेपर्यंत हात चालले. मग निळा सुती शर्ट हातात आला, आणि मी खाली बसलो.

हे कुठे लिहावे की नाही, याचा विचार करतो आहे. गेल्या वर्षी खोर अश शाममध्ये, टेलिग्राफ बेटाच्या आडोशाला नांगर टाकला होता. (हे खोर म्हणजे समुद्राची जमिनीत सोळा-सतरा किलोमीटर घुसलेली चिंचोळी खाडी; आपल्या नदीच्या खोऱ्याशी त्याचे नाते फक्त कानापुरते.) दिवसभर लाटांचे तुषार खाऊन शर्ट मिठाने कडक झाला होता. मीठ हवेतला दमटपणा ओढून घेते, त्यामुळे दुपारी वाळलेला असा कपडा रात्री दंव पडू लागले की पुन्हा ओला होतो आणि अंगाला चिकटतो. आखातातले पाणी तर मोकळ्या महासागरापेक्षाही खारट. दोन रात्री मी तसाच झोपलो. तिसऱ्या संध्याकाळी बाकीचे तिघे बेटावर तारघराचे पडके दगड बघायला गेले आणि मी निळा शर्ट गोड्या पाण्यात खळबळून काढला. एकदा नव्हे, दोनदा.

नाखव्याने तेव्हा काहीच विचारले नाही. वाळत टाकलेल्या शर्टाकडे त्याने पाहिले होते, एवढे आठवते.

म्हणजे दुपारपासून मी ज्याचा अपमान झाला म्हणून कुढतो आहे तो माणदेशी माणूस नावेवर नव्हताच. तिथे मस्कतमध्ये बावीस वर्षे राहिलेला, समुद्राचेच पाणी गोडे करून नळाला येते हे विसरून दाढी होईपर्यंत नळ चालू ठेवणारा एक गृहस्थ होता. आज संध्याकाळी कॅन धुतानासुद्धा मी तो तीनदा विसळला, सौ. दारात उभी राहून बघत होती, आणि ती साताऱ्याची असूनही काही बोलली नाही, हे विशेष. त्याच खोराच्या काठावरच्या चार-दोन घरांच्या वाड्यांना पाणी होडीने येते. आमच्याकडे टँकर यायचा, त्यांच्याकडे होडी, आणि मी त्यांच्या दारात शर्ट धुतला.

राग अजून पुरता गेलेला नाही. निरोप मला एकट्याला खासगीत पाठवता आला असता, एवढे माझे म्हणणे शिल्लक आहे.

निळा शर्ट काढून ठेवला आहे. त्याऐवजी एक पातळ कृत्रिम धाग्याचा शर्ट समुद्रासाठी, आणि एक सुती, फक्त झोपण्यासाठी, जो सूर्य बुडेपर्यंत पिशवीतून बाहेर येणार नाही. पिशवी स्प्रिंगच्या काट्याला टांगली तर नऊ किलो भरली. जाड टॉवेल आणि दुसरी चप्पल काढल्यावर आठाच्या खाली आली. मग नाखव्याला ‘होय’ एवढेच कळवले.

शेवटी कॅनवर मार्करने पाच दिवसांच्या पाच खुणा केल्या, चार-चार लिटरच्या. आता दिव्याखाली धरून पाहतो आहे, तर पहिल्या दिवसाची रेघ जरा खालीच पडली आहे. पुसायला कपाटात स्पिरिट शोधले, पण सापडले नाही.