गांधारीचा कुंभ

आज दिवसभर स्टुडिओत बसून गांधारीच्या कुंभांवरून सुचलेले एक भांडे हाताने घडवले. महाभारताच्या आदिपर्वात ती कथा येते: २ वर्षांच्या गर्भारपणानंतर गांधारीच्या पोटी लोखंडासारखा कठीण मांसाचा गोळा आला, व्यासांनी त्यावर थंड पाणी शिंपडायला सांगितले, त्याचे अंगठ्याच्या पेराएवढे १०१ भाग झाले आणि ते तुपाने भरलेल्या कुंभांत जपून ठेवले गेले. आपण कौरवांची संख्या लक्षात ठेवतो, पण त्यांना वाढवणाऱ्या भांड्यांचा विचार फारसा करत नाही. मला मात्र कथेतला तोच भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

चाक मुद्दामच वापरले नाही, कारण मला सावकाश वाढत जाणारे पोट हवे होते. मातीच्या वळ्या एकावर एक चढवताना प्रत्येक जोडावर रेघा ओढून पातळ चिखल लावला, मग आतून गुळगुळीत गोटा धरून बाहेरून थापीने ठोकत भिंत पातळ केली. गळ्याजवळचे बोटांचे ठसे तसेच राहू दिले.

आता ते प्लॅस्टिकखाली हळूहळू सुकेल. जाड बुडात ओल राहिली, तर भट्टीत तिची वाफ होऊन भांडे फुटू शकते, म्हणून घाई करायची नाही. पहिल्या भाजणीनंतर आतून तुपाच्या रंगाचे ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, देणार आहे. बाहेरची माती उघडीच राहील. यानंतर कौरवांच्या बहिणीसाठी, दुःशलेसाठी, म्हणजे त्या १०१व्या भागासाठी, एक लहान कुंभ वेगळा घडवायचा आहे.