मालवणची मासेमारी फेरी आणि अडकलेली आगाऊ रक्कम : माझा अनुभव

कोकणात मासेमारीची फेरी आणि कयाक ठरवणाऱ्या खान्देशातील प्रत्येक कुटुंबाने पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : खराब हवामानामुळे बोट सुटली नाही तर रक्कम कोण परत करणार, किती दिवसांत करणार आणि त्यासाठी कोणता कागद मागणार. पहिल्या दोन गोष्टी आम्हाला मोबाइलवर लेखी मिळाल्या होत्या. कागदाचा उल्लेख मात्र आरक्षण करणाऱ्या संस्थेने कुठेही केला नव्हता आणि त्याच कागदासाठी तिने आम्हाला मृगापासून पोळ्यापर्यंत ताटकळत ठेवले.

आमच्याकडे सहलीला मोकळे दिवस मिळतात ते आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, कपाशीच्या लागवडीची घाई सुरू होण्याआधी, आणि नेमका तेव्हाच किनाऱ्यावरचा हंगाम आवरत आलेला असतो. यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै बंदी असते. सिंधुदुर्गातील जलक्रीडा तर साधारणपणे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच थांबतात आणि ऑगस्टअखेरपर्यंत बंद राहतात. म्हणून आम्ही त्याआधीचे दिवस निवडले होते. ठाण्याला गाडी बदलून कुडाळला उतरलो, तेथपर्यंत सर्व सुरळीत झाले.

मालवणला पोहोचलो त्याच दिवशी अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आणि बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा चढला. ज्यांच्या बोटीतून जायचे होते ते काका स्वतः आमच्या खोलीवर आले आणि म्हणाले, "दादांनू, बावटो लागलो हा, होडी सोडूक गावाची नाय." त्यांचा निर्णय योग्यच होता आणि लहान मुले बरोबर असताना मला दुसरे उत्तर नकोही होते. बावटा उतरेपर्यंत हंगामच संपला, त्यामुळे तारीख पुढे ढकलण्याचाही प्रश्न उरला नाही.

परत आल्यावर संस्थेच्या कार्यालयात गेलो. तेथील ताईंनी एक छापील अर्ज पुढे केला. 'रद्द करण्याचे कारण' या रकान्यात आजारपण, प्रवासातील विलंब आणि वैयक्तिक अडचण असे तीनच पर्याय होते. यांपैकी कोणत्याही चौकटीत खूण केली असती, तर फेरी आम्हीच रद्द केल्याचे नोंदले गेले असते आणि रकमेचा मोठा भाग कापला गेला असता. मी तिन्ही चौकटी कोऱ्या सोडल्या आणि खालच्या मोकळ्या जागेत 'बंदरावर धोक्याचा बावटा असल्याने बोट सुटली नाही' असे लिहून पोच मागितली. पोच देण्यासाठी साहेब येईपर्यंत बसावे लागले. साहेब आले आणि म्हणाले, की तुमच्या नावाने बंदर कार्यालयाचे पत्र आणा, त्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही.

बंदर कार्यालयात दूरध्वनी केला. तेथील कर्मचाऱ्याने अत्यंत सौजन्याने सांगितले, की इशारा सर्वांसाठी असतो, एकेका प्रवाशाच्या नावाने तसे पत्र दिले जात नाही. ही गोष्ट वर्षानुवर्षे किनाऱ्यावरची आरक्षणे करणाऱ्या संस्थेला ठाऊक नसेल, यावर माझा आजही विश्वास बसत नाही. जे पत्र कुणालाच मिळत नाही ते मागितले, की माणूस थकून नाद सोडतो. त्या अटीचा उपयोग तेवढाच होता. त्यानंतर दर खेपेला 'पुढच्या सोमवारी या' हेच उत्तर मिळत गेले आणि प्रत्येक खेपेस माझा संताप वाढत गेला.

शेवटी मी तोंडी बोलणे बंद केले. धक्क्यावर काढलेले बावट्याचे छायाचित्र, हवामान खात्याचा त्या दिवसाचा इशारा, बोटीच्या काकांनी 'फेरी झाली नाही, मला पैसे मिळाले नाहीत' असा पाठवलेला संदेश आणि संस्थेचेच लेखी आश्वासन एकत्र जोडून रजिस्टर टपालाने अर्ज पाठवला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तिचा नोंदणी क्रमांक संस्थेला कळवला. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रार शुल्क लागत नाही, हेही त्याच पत्रात लिहिले. त्यानंतर पूर्ण रक्कम खात्यावर जमा झाली आणि बंदर कार्यालयाच्या पत्राचा विषय कुणीही पुन्हा काढला नाही. मला त्याचे मनापासून समाधान वाटले.

हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो, या वेळी थेट त्याच काकांशी बोलून. कयाकसाठी देवबागजवळची कर्ली खाडी निवडावी आणि सकाळीच उतरावे, कारण दुपारी समुद्राकडून खारे वारे सुटले, की वल्हे मारून हात भरून येतात. भरतीबरोबर आत जावे आणि ओहोटीबरोबर परतावे. भरतीची ढोबळ वेळ पंचांगावरून काढता येते : तिथीची पाऊणपट केली, की तास मिळतात, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास. हा हिशेब मुंबईचा आहे, मालवणला भरती थोडी आधी येते, म्हणून नेमकी वेळ काकांनाच विचारावी.

गळाने मासे धरण्याला तेथे 'गरवणे' म्हणतात. गरीला, म्हणजे गळाला, कोळंबी लावून, शिसे तळाला टेकले की दोर वीतभर वर घ्यायचा आणि तर्जनीवर हलका धरून ठेवायचा. लहान मासा टोचल्यासारखे दोन-तीन झटके देतो. गोब्रा हा खडकात राहणारा मासा मात्र एकदम खाली, खडकाकडे ओढतो आणि त्या क्षणी दोर सैल सोडला तर तो कपारीत शिरून बसतो. माझ्या मुलीने दोर सैल सोडला नाही, याचा मला फार अभिमान वाटतो.

लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचे आहे की नाही, हे आदल्या दिवशीच पाहून घ्यावे. बोट लागू नये म्हणून गोळी घ्यायची असेल, तर ती डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी घ्यावी. आमच्या वहिनींनी ती बोट हलू लागल्यावर घेतली आणि त्यांना तिचा काहीही उपयोग झाला नाही.