ऑक्सफर्डमधली प्रिंट रूम आणि न झालेलं एक पुस्तक

लंडनचे दिवस पावसात आणि नातेवाइकांकडच्या जेवणांत गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. ऑक्सफर्डला क्राइस्ट चर्च कॉलेजबाहेर हॅरी पॉटरवाल्यांची एवढी गर्दी की फुटपाथवर उभं राहायला जागा नाही, मला ते अजिबात आवडलं नाही.

पण ॲशमोलियन म्युझियमची प्रिंट रूम, म्हणजे कागदावरची चित्रं मागवून जवळून बघायची खोली! आधी ईमेलवर वेळ घ्यायची, पैसे लागत नाहीत, आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. तिथल्या बाईंनी एकोणिसाव्या शतकातला इंग्रज चित्रकार बर्न-जोन्स याची चित्रं अशी जपून समोर मांडली की मी आपोआप हात मागे घेतले. त्याचा मित्र, कवी विल्यम मॉरिसने जुन्या ग्रीक कथा आणि उत्तरेकडच्या कथा पद्यात पुन्हा सांगितल्या, 'द अर्थली पॅराडाइज', त्यातल्या क्युपिड (प्रेमाचा देव) आणि सायकी (त्याची प्रेयसी) यांच्या गोष्टीसाठी काढलेली ही पेन्सिलची चित्रं, कलासमीक्षक रस्किनने विद्यापीठाला दिलेली. वाऱ्याचा देव झेफिरस सायकीला उचलून नेतोय ते चित्र मी किती वेळ बघत बसले. रेषा साधी, सावल्या जवळजवळ नाहीतच, कारण हे पुढे लाकडात कोरायचं होतं. कोरताना रेषेच्या आजूबाजूचं लाकूड काढून टाकायचं आणि रेषा तेवढी उंच ठेवायची, म्हणजे शाई तिलाच लागते. बहुतेक ठोकळे मॉरिसने स्वतः कोरले हो! कवी माणूस, कविता लिहितोय आणि तिच्याच चित्रांचे ठोकळेपण कोरतोय.

आणि एवढं करून ते सचित्र पुस्तक झालंच नाही. नमुन्याची पानं छापून बघितली तर त्या काळचे टाइप, म्हणजे छपाईची अक्षरं, या ठसठशीत चित्रांशेजारी शोभेनात, म्हणून बेत सोडला आणि १८६८ ते १८७० मध्ये काव्य या चित्रमालेशिवायच आलं. चित्रं कवितेसोबत छापून यायला १९७४ उजाडलं, तोवर मॉरिस आणि बर्न-जोन्स दोघंही कधीच गेले होते. मला हे फार लागलं, खरंच. पुढे मॉरिसने १८९१ मध्ये केल्म्स्कॉट प्रेस हा छापखाना काढून स्वतःचे टाइप तयार केले आणि बर्न-जोन्सच्या चित्रांसकट जुना इंग्रज कवी चॉसर छापला, त्याची मुळं मला या फसलेल्या बेतातच दिसतात.

नंतर एक्सेटर कॉलेजवरून गेले, १८५३ मध्ये हे दोघं मित्र भेटले ते इथेच. कोरलेले ठोकळे लंडनला सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या पुरातन वस्तूंच्या अभ्यासकांच्या संस्थेकडे आहेत, ते बघायला मिळतील का म्हणून परत आल्याबरोबर त्यांना लिहिलंय.