माझा अनुभव : "शरीरात गेल्याची तारीख व वेळ"

आयोडीन-131 हे किरणोत्सर्गी आयोडीन हाताळणाऱ्या आम्हा लोकांच्या गळ्याची मोजणी दर पंधरवड्याला होते, कारण आत गेलेलं आयोडीन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. खुर्चीत बसायचं, डिटेक्टर गळ्याशी येतो, थोड्या वेळात सुटका. एकदा मात्र 364 केईव्हीला, म्हणजे आयोडीन-131 च्या किरणांच्या ठरलेल्या ऊर्जेला, ठसठशीत शिखर दिसलं. थायरॉइडमध्ये साधारण 1000 बेकरेल (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं). आधीची मोजणी स्वच्छ होती. मान साबणाने धुऊन, कपडे बदलून पुन्हा मोजलं, तरी आकडा तोच. (हे आधीच उरकून जा. कातडीवर लागलेलंही यंत्र आतलंच समजून मोजतं.) म्हणजे वाफ श्वासावाटे आत गेली होती.

इथवर सगळं झटपट. मग डोस, म्हणजे शरीराला मिळालेली किरणोत्सर्गाची मात्रा, काढणाऱ्या विभागाचा फॉर्म आला आणि त्यात तो रकाना: "शरीरात गेल्याची तारीख व वेळ". कोरा ठेवला, फॉर्म परत. "माहीत नाही" लिहिलं, परत. खिडकीतल्या गृहस्थांचं एकच पालुपद, "तारीख टाका मॅडम, त्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे जात नाही." अहो, वाफ काय दार वाजवून आत येते?

तारखेला महत्त्व आहे हे मलाही कळतं, म्हणून तर चिडले. थायरॉइडमधलं आयोडीन-131 साधारण आठवडाभरात निम्मं होतं, म्हणजे जितकं आधी गेलं असेल तितकं मुळात जास्त गेलेलं. तेच 1000 बेकरेल कालचे धरले तर डोस सुमारे 0.09 मिलिसिव्हर्ट (हे डोसचं एकक), चौदा दिवसांपूर्वीचे धरले तर 0.3 च्या घरात. तिपटीहून जास्त फरक, आणि तो मी मनाने ठोकून द्यायचा?

वाट निघाली ती लघवीच्या नमुन्यातून. थायरॉइडने न घेतलेलं आयोडीन पहिल्या एक-दोन दिवसांतच बहुतेक लघवीवाटे निघून जातं. माझ्या चोवीस तासांच्या नमुन्यात जेमतेम काही सापडलं, म्हणजे हे काल-परवाचं नव्हतं. नमुना ताबडतोब द्या, फॉर्मसाठी थांबू नका. आणि एक वेळचीही लघवी वगळू नका, नाहीतर हिशेब कमी भरतो.

मग विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंनी सरळ सांगितलं, नक्की वेळ माहीत नसेल तर मागच्या आणि आताच्या मोजणीच्या बरोबर मधला दिवस धरतात. आयसीआरपी या किरणोत्सर्ग-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या मार्गदर्शनातलीच पद्धत आहे ही. खिडकीवर हे एक वाक्य बोलायला काय जात होतं?

मधला दिवस धरून डोस आला 0.15 मिलिसिव्हर्टच्या आसपास. आमच्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20. एवढ्याशा आकड्यापायी एवढे हेलपाटे! हा डोस पुढच्या 50 वर्षांचा मिळून काढतात, पण सगळा आत गेल्याच्या वर्षातच नोंदवतात. त्यामुळे पुढल्या वर्षी पुन्हा खात्यात पडेल ही धास्ती नको. आयोडीन-131 तर काही आठवड्यांतच संपत येतं.

अहवालाची प्रत नीट वाचून मगच सही करा. माझ्या प्रतीत तो मधला दिवस खराच असल्यासारखा छापला होता. त्यापुढे "गृहीत" हा शब्द मी भांडून घालून घेतला.