पाचशे डॉलरची सुरी

‘सुरी तर कुठल्याही दुकानात वीस डॉलरला मिळते आणि तीही कापतेच. मग हिचे पाचशे कशाचे?’ मी कारागिरांनी हातानं घडवलेल्या सुऱ्या जमवतो, त्यामुळे हा प्रश्न मला मेव्हण्यानं विचारलाय, शेजाऱ्यांनी विचारलाय, मंडळाच्या गणपतीत ओळख झालेल्या एका काकांनी तर प्रसादाची वाटी हातात असताना विचारलाय. दर वेळी अर्धवट उत्तर देऊन सुटतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी नीट सांगतो. आमच्या आईनं मात्र कधी विचारलं नाही. जन्मभर विळीवर कापणाऱ्या बाईला, हातात धरून कापायची वस्तूच मुळात अपुरी वाटते.

आधी हे सांगतो की पाचशे डॉलर धारेचे नसतात. चांगल्या दगडावर थोडा वेळ बसलात तर वीस डॉलरच्या सुरीनंही टोमॅटोचे कागदासारखे काप निघतात. ‘हातानं केली म्हणजे उत्तम’ हेही मला मान्य नाही. हातानं केलेल्या भिकार सुऱ्या मी पुष्कळ पाहिल्यात आणि मोठ्या कारखान्यांच्या भट्ट्या बऱ्याच हौशी लोहारांच्या भट्ट्यांपेक्षा अचूक चालतात.

फरक सुरू होतो तो धारेच्या जरा मागे. कारखान्याला माहीत नसतं की सुरी कोणाच्या घरी जाणार. कोणी तिनं डबा उघडेल, कोणी गोठलेलं मटण फोडेल, आणि तुटली की परत पाठवेल. म्हणून कारखाना धारेमागचं पातं जाड ठेवतो, साधारण अर्धा मिलिमीटर किंवा जास्तच. एकटा काम करणारा कारागीर तुम्हाला आधी विचारतो, काय कापणार? कांदा-कोथिंबीर म्हणालात तर तो तीच जागा निम्म्याहून पातळ घासतो आणि बजावतो, ‘हाडावर मारू नका.’ अशी सुरी गाजरात शिरते तेव्हा गाजर फाटत नाही, कापलं जातं.

हे निदान बोटाला कळतं. खरे पैसे जातात ते डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीला, म्हणजे पात्याला पाणी देण्याच्या कामाला. साधं कार्बन पोलाद सुमारे ८०० ते ८५० अंश सेल्सियसपर्यंत तापवायचं आणि तेलात बुडवायचं. त्या क्षणी ते इतकं ठिसूळ होतं की फरशीवर पडलं तर तुकडे व्हावेत. मग साधारण २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा तापवून त्याचा ताठा उतरवायचा. भट्टी थोडी जास्त तापली किंवा पातं आत जास्त वेळ राहिलं, तर पोलादाच्या आतले कण मोठे होतात आणि धार तुकड्या-तुकड्यानं झडते. गंमत अशी की बिघडलेलं पातं आणि साधलेलं पातं, घासून-पुसून टेबलावर ठेवलं की हुबेहूब सारखं दिसतं. पातं मोडल्याशिवाय आतले कण दिसत नाहीत, आणि पाचशे डॉलर देऊन कोण मोडून पाहणार?

म्हणून कोणीतरी आधीच मोडून पाहावं लागतं. अमेरिकेत त्याची सोय आहे. बिल मोरान नावाचा सुऱ्या घडवणारा लोहार आणि त्याच्या सोबत्यांनी १९७६ साली अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी, म्हणजे अशा लोहारांची संस्था, काढली. तिथे ‘जर्नीमन’ हा पहिला दर्जा मिळवायचा तर एका मास्टर लोहारासमोर परीक्षा असते. स्वतः घडवलेल्या, दहा इंचांपर्यंतच्या पात्यानं हवेत लोंबणारा एक इंच जाडीचा दोर एका फटक्यात तोडायचा. मग बांधकामाच्या लाकडाची पट्टी दोनदा आरपार तोडायची. मग त्याच धारेनं हातावरचे केस भादरायचे. आणि शेवटी तेच पातं शिकंज्यात अडकवून ९० अंशांत वाकवायचं. धारेला तडा गेला तर चालतो, पातं मोडलं तर नापास. धार कडक आणि पाठ लवचीक, हे दोन्ही एकाच पट्टीत साधलं असेल तरच ते वाकतं. सुरी त्यात कामातून जाते, पण ज्यानं हे करून दाखवलंय त्याच्या दुसऱ्या सुरीवर मी डोळे झाकून पैसे ठेवतो. नंतर पाच सुऱ्या परीक्षकांपुढे मांडाव्या लागतात, त्यात नुसती सफाई बघतात. ‘मास्टर’ व्हायचं तर पुन्हा हाच छळ, या वेळी किमान ३०० थरांच्या दमास्कस पात्यावर.

दमास्कसचं नाव निघालं की पाहुण्यांचे डोळे चमकतात, कारण पात्यावरची ती लाटांची नक्षी सगळ्यांना आवडते. मोराननंच १९७३ मध्ये कारागिरांच्या प्रदर्शनात अशा सुऱ्या मांडल्या आणि अमेरिकेत ही विद्या पुन्हा सुरू झाली. दोन प्रकारच्या पोलादाचे थर तापवून, ठोकून एकजीव करायचे, घड्या घालायच्या, शेवटी आम्लात बुडवून नक्षी उठवायची. जुनं, तलवारींचं दमास्कस वेगळं. त्याचं पोलाद दक्षिण भारतातून जायचं, आजच्या तेलंगण-तमिळनाडूच्या पट्ट्यात बंद मुशीत तयार व्हायचं. त्याची नक्षी घड्यांची नव्हे, पोलाद गोठताना आतच पडणारी. ती कशी पडते हे १९९० च्या दशकात आयोवाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन आणि फ्लोरिडात घोड्यांना नाल मारणारा आल्फ्रेड पेंड्रे या जोडीनं पुन्हा करून दाखवलं. धातुकातल्या व्हॅनेडियमसारख्या अशुद्धीचा अत्यल्प अंश त्यामागे होता. प्राध्यापक आणि नालबंद, ही जोडी मला फार आवडते. बाकी आजच्या नक्षीबद्दल माझं मत रोखठोक आहे. ती सुंदर असते, पण गुणवत्तेची खूण नसते. ऑनलाइन चाळीस डॉलरला मिळणारी ‘दमास्कस’ सुरी तर घेऊच नका. माझ्याकडच्या बहुतेक सुऱ्या साध्या, एका पोलादाच्या आहेत.

या धंद्यातली माणसं एकमेकांच्या सुऱ्या बघूनच घडली आहेत. मिशिगनमध्ये विल्यम स्केगल नावाचा एक एकलकोंडा कारागीर होता. त्याच्या सुरीनं कोणीतरी होडीचा रंग खरवडत होता. ते बो रँडलनं पाहिलं, सुरीला काही झालं नाही हेही पाहिलं आणि स्वतः सुऱ्या करायला लागला. पुढे १९५० च्या दशकात बॉब लव्हलेस न्यूयॉर्कच्या एका दुकानात रँडलची सुरी मागायला गेला, तर महिनोन्‌महिने थांबा म्हणाले. त्यानं मोटारीच्या भंगारातली स्प्रिंग मिळवली आणि स्वतःची सुरी घडवली. पुढे त्याची टोकाकडे किंचित उतरत्या पाठीची शिकारी सुरी अमेरिकेपासून जपानपर्यंत इतकी नकलली गेली की आज ती कोणा एकाची राहिलेली नाही. त्यानंही विद्या लपवली नाही. सुरीवर उमटवायच्या आपल्या एका शिक्क्यात तर त्यानं लोळणारी नग्न बाई कोरली होती. त्या सुऱ्यांच्या किमती आता माझ्या ऐपतीबाहेर आहेत, त्यामुळे घरात तो प्रश्न उद्भवत नाही.

जूनमध्ये अटलांटात ‘ब्लेड शो’ हे सुऱ्यांचं प्रदर्शन भरतं. तिथे टेबलावर सुरी बघायची रीत आहे. आधी विचारायचं, मग उचलायची. पात्याला बोट लावायचं नाही, घामानं कार्बन पोलाद गंजतं. धार अंगठ्यावर तपासायची तर अजिबात नाही. टोकाकडून एक डोळा मिटून पाठ सरळ आहे का ते बघायचं. मग मुठीजवळ पात्याचा उतार जिथून सुरू होतो ती रेघ दोन्ही बाजूंना जुळते का ते पाहायचं. मुठीच्या सांध्यावरून नख फिरवायचं, अडकलं तर सुरी हळूच खाली ठेवून ‘छान आहे’ म्हणायचं आणि पुढच्या टेबलाकडे जायचं. नावाजलेल्या कारागिरांकडे घेणारे जास्त आणि सुऱ्या दोन-तीन, म्हणून चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठी निघालेला माणूस दुपारी तीच सुरी दुप्पट भावानं विकायला काढतो, तेव्हा माझं डोकं फिरतं. कारागिराला त्यातला एक पैसाही मिळत नाही.

त्या टेबलांवर आपली सांबराची शिंगंही भेटतात. ‘इंडिया स्टॅग’ म्हणून मुठीला त्यांचा मान फार. भारतानं निर्यात बंद केल्यापासून जुन्या साठ्यातल्या जोडीला कारागीर भरपूर पैसे मोजतात. मी ती मूठ घेत नाही. उगाच पुढे प्रवासात कागदपत्रांची कटकट. आणि हो, ‘भारतात नेता येतात का’ हाही प्रश्न असतोच. शस्त्र कायद्यात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांना बंधन आहे, घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. मी फक्त भाजीच्या सुऱ्या नेतो, त्याही चेक-इनच्या बॅगेत, पातं नीट गुंडाळून.

आता तुमचा न विचारलेला प्रश्न: एक घेतलीत, समजलं, बाकीच्या कशाला? त्याला उपयोगाचं उत्तर नाही. मी मोजक्या कारागिरांच्या सुऱ्या ओळीनं घेत आलोय. एकाची सुरुवातीची सुरी आहे, तिच्यावर ती उताराची रेघ डावीकडे जरा पुढे सरकलेली. पुढच्या सुरीत रेघा जुळल्यात, पण मूठ अजून बोजड. त्यानंतरच्या सुरीची मूठ हाताला कळतच नाही. मधल्या काळात त्याला मूल झालं, नोकरी सोडून तो पूर्ण वेळ भट्टीवर आला, आणि किंमतही वाढवली. वाढवावीच. दिवाणखान्यात ओळीनं मांडून बघणारा मी एकटाच, बाकीच्यांना त्या तीन सारख्या सुऱ्या दिसतात. खंडेनवमीला सगळ्या बाहेर काढतो, तेलाचा हात देतो. हळदकुंकू मात्र खालच्या कागदावर वाहतो, ओल्या कुंकवाचा पात्यावर डाग पडतो म्हणून.

तुम्हाला पहिली घ्यायचीच असेल तर शिकारीची नको, भाजीची घ्या. नुकताच जर्नीमन झालेला कारागीर गाठा, तो अडीचशे-तीनशेत मनापासून करून देतो. आगाऊ पैसे मागितले तर थोडेच द्या, सगळे नकोत. घरात कोणाला भांडी रात्रभर सिंकमध्ये ठेवायची सवय असेल तर आधीच सांगून स्टेनलेसची करून घ्या. डिशवॉशरमध्ये कोणतीच घालायची नाही.