डिचोलीचे मामा, धुळेरचे मैदान आणि आर्मांद कुलासोंचे धेंपो

गोव्याला जाऊन आल्यावर मैत्रिणींनी समुद्राचे फोटो मागितले आणि माझ्याकडे एकही नव्हता, कारण या खेपेला मी समुद्राच्या वाटेला गेलेच नाही. लिहावेसे वाटते आहे ते सगळे म्हापशाच्या धुळेर स्टेडियममध्ये, सिमेंटच्या तापलेल्या पायऱ्यांवर बसलेल्या चार-पाच वयस्क माणसांनी एका दुपारी सांगितलेले आहे, आणि त्या सगळ्याच्या मध्यभागी एकच माणूस आहे: गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लब या फुटबॉल संघाचे माजी प्रशिक्षक आर्मांद कुलासो.

कोल्हापूरहून आजरा, आंबोली, सावंतवाडी आणि मग दोडामार्गमार्गे डिचोली हा रस्ता मला पणजीच्या थेट गाडीपेक्षा नेहमीच जास्त आवडतो. गाड्या बदलाव्या लागतात, सावंतवाडीला ताटकळावे लागते, पण डिचोलीत उतरल्यावर पर्यटकांचा गोवा लागत नाही, माणसांचा गोवा लागतो. येथे दुकानांवरच्या पाट्या मराठी, देवळातले भजन मराठी आणि घरातले बोलणे अर्धे कोंकणी, अर्धे मराठी. पहिले दिवस नार्वेच्या सप्तकोटेश्वराचे दर्शन, मयेचा तलाव आणि मामींच्या हातचे जेवण यांत निघून गेले. त्याविषयी तक्रार काहीच नाही, फक्त सांगण्यासारखेही फारसे नाही.

माझे मामा डिचोलीच्या खाणीवर यंत्रदुरुस्तीच्या कामाला होते. ही खाण धेंपो घराण्याची, फुटबॉल संघ धेंपोंचा आणि रोज सकाळी घरात पडणारे मराठी दैनिक ‘नवप्रभा’ हेही धेंपो समूहाचेच. त्यामुळे पगार, वर्तमानपत्र आणि रविवारचा सामना या तिन्ही गोष्टी मामांच्या घरात एकाच नावाने येत असत. २००९ मध्ये धेंपोंचा खाण व्यवसाय सेसा गोवाने विकत घेतला आणि पगारावरचे नाव बदलले. संघावरचे प्रेम मात्र बदलले नाही. मामी म्हणतात की त्या वर्षांत सामन्याच्या दिवशी जेवण साडेअकरालाच वाढावे लागे, कारण मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला जायचे म्हणजे अर्धा गोवा ओलांडायचा. मामी स्वतः कधीच मैदानावर गेल्या नाहीत, तरी धेंपोच्या क्लिफर्ड मिरांडाने कोणत्या पायाने मारलेला फटका आत जातो हे त्यांना आजही ठाऊक आहे.

धेंपोचा सामना म्हापशाला आहे असे कळल्यावर मामांनी मला स्कूटरवर बसवले आणि अस्नोड्यावरून आम्ही निघालो. नेमका शुक्रवार, म्हणजे म्हापशाचा बाजार, आणि त्या बाजारातून वाहन बाहेर काढणे हा अनुभव मी कोणालाही सुचवणार नाही. उन्हात कोंडीत अडकून, मिरच्यांचा आणि सुक्या मासळीचा वास नाकात घेऊन स्टेडियमवर पोहोचेपर्यंत सामन्याची पहिली वीस मिनिटे होऊन गेली होती. आत शिरताना कोणी अडवले नाही आणि गर्दी अशी नव्हतीच.

हे मला फार लागले. मी कोल्हापूरची आहे. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब या स्थानिक फुटबॉल संघांचा सामना असला की शाळकरी मुलापासून आजोबांपर्यंत अख्खी पेठ लोटते, आणि त्या संघांनी राष्ट्रीय पातळीवरचे विजेतेपद कधी पाहिलेलेही नाही. येथे मात्र २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी पाच वेळा देशाची सर्वोच्च लीग जिंकणारा क्लब खेळत होता, आणि त्याला पाहायला आलेली माणसे मला बसल्या जागेवरून मोजता आली असती. खेळणारी पोरे मनापासून धावत होती. त्यांची नावे मात्र प्रेक्षकांपैकी अर्ध्यांनाही माहीत नव्हती.

मामांची मित्रमंडळी सावलीच्या कडेला बसली होती. त्यांत एक निवृत्त मास्तर, एक कदंब बसचे जुने चालक आणि खाणीवरचे मामांचे दोन सहकारी. मास्तरांनी जागा करून दिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “काय गो, तुमच्या कोल्हापुरात तालमीच्या सामन्याला पाय ठेवायला जागा नसते म्हणे?” मी खरे ते सांगितले. त्यांनी मान हलवली आणि थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग मीच विचारले, की आर्मांद कुलासोंमध्ये असे काय होते?

उत्तर म्हणून मास्तरांनी संघ म्हणायला सुरुवात केली. गोलमध्ये अभिजित मंडल. बचावात महेश गवळी, समीर नाईक. मध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, अँथनी परेरा, बेटो. पुढे रँटी मार्टिन्स. शाळेत पाढे म्हणावेत तशी ती नावे एकापाठोपाठ एक येत होती आणि मास्तर थांबले की पुढचे नाव दुसरा कोणीतरी उचलत होता. डाव्या बाजूच्या बचावपटूपाशी गाडी अडली. चालककाकांनी एक नाव घेतले, मामांनी दुसरे, आणि दोघेही आपापल्या हंगामापुरते बरोबर होते, असा निवाडा मास्तरांनी दिला. समोर एक कॉर्नर झाला, चेंडू गोलखांबावरून गेला, तरी या वादातून कोणी डोके वर काढले नाही.

मग मास्तर मूळ मुद्द्यावर आले. “तू पाहा, यातले किती गोव्याचे? आणि किती वर्षे एकत्र? आर्मांदने त्यांना विशीत घेतले आणि तिशीपर्यंत सांभाळले. आम्ही संघ पाहायला जात नव्हतो गो, आपली पोरे मोठी होताना पाहायला जात होतो.” दशकभराहून अधिक काळ एकच प्रशिक्षक, जवळपास तोच कणा आणि त्याला जोडलेले एक-दोन उत्तम परदेशी खेळाडू, अशी ती रचना होती. दोन सामने हरले की प्रशिक्षक बदलणाऱ्या आजच्या भारतीय फुटबॉलमध्ये असे काही घडू शकेल, यावर माझा विश्वास बसत नाही, आणि हे जमवून आणण्याचे जेवढे श्रेय कुलासोंचे तेवढेच त्यांना वेळ देणाऱ्या क्लबचेही आहे असे मला वाटते. रँटीने २०११-१२ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, ३२ गोल केले, तेव्हा त्याच्यामागे वर्षानुवर्षे त्याच्या पावलांचा अंदाज असलेले सोबती खेळत होते. २०१२ मध्ये तो कोलकात्याच्या क्लबात गेला, आणि मामांच्या मते तेथूनच उतरण लागली.

क्रिस्तियानो ज्युनियरचा विषय मामांनी काढला. ५ डिसेंबर २००४, बंगळूरचे कांतीरवा स्टेडियम, फेडरेशन कप अंतिम सामना, समोर मोहन बागान. या ब्राझिलियन आघाडीपटूने दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना त्याची गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो मैदानावर कोसळला आणि पुन्हा उठलाच नाही. धेंपोने चषक २-० ने जिंकला आणि त्याच संध्याकाळी आपला खेळाडू गमावला. मामा तेव्हा खाणीवर दुसऱ्या पाळीला होते. कोणाच्या तरी रेडिओवर निकाल ऐकून पाळीतल्या लोकांनी एकमेकांना टाळ्या दिल्या, आणि मग काही वेळाने दुसरी बातमी आली. “त्या रात्री डंपर थांबवून माणसे खाली उतरली होती,” मामा म्हणाले. “कोणी काही सांगितले नव्हते. आपोआप उतरली.”

मामांना हे सांगताना मी पूर्वीही ऐकले असेल, पण त्या दिवशी मास्तरांनी पुढे जे जोडले ते नवीन होते. लोक चषकाची आठवण काढतात, मृत्यूची काढतात, पण त्यांच्या मते प्रशिक्षकाची खरी परीक्षा त्यानंतरच्या महिन्यांत होती. ज्या मुलांनी सोबत्याला डोळ्यांसमोर जाताना पाहिले, त्यांना पुन्हा चेंडूमागे धावायला लावायचे होते, आणि तेही राष्ट्रीय लीगच्या संपूर्ण हंगामात. ती लीग धेंपोने जिंकली. दुसऱ्या क्रमांकावर गोव्याचाच स्पोर्टिंग क्लब होता. क्लबने क्रिस्तियानोची दहा क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. कुलासोंनी त्या मुलांशी काय बोलणे केले असेल, याची मास्तर आजही कल्पना करतात. मुख्याध्यापक असताना शाळेतला एक विद्यार्थी अपघातात गेला, तेव्हा वर्गासमोर उभे राहून आपल्याला शब्द सुचले नव्हते, म्हणून तो प्रश्न आपल्याला सोडत नाही, असे ते म्हणाले. एवढे सांगून त्यांनी चहा मागवला.

सगळेच काही भक्त नव्हते, हे मला विशेष आवडले. चालककाका स्पष्टपणे म्हणाले की आर्मांदने जुन्या खेळाडूंवर जरा जास्तच माया केली, पोरे एकत्र मोठी झाली तशी एकत्र म्हातारीही झाली, आणि मागून नवी फळी वेळेत उभी राहिली नाही. मामांना हे पटले नाही. त्यांनी लगेच २००८ च्या एएफसी कपची, म्हणजे आशियाई क्लबांच्या स्पर्धेची, उपांत्य फेरी काढली, कुलासोंनी सांभाळलेली भारतीय संघाची हंगामी जबाबदारी काढली. २०११ च्या जुलैत विश्वचषक पात्रता फेरीत अल ऐनला संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध पहिल्या अर्ध्या तासातच भारताचे दोन खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेले आणि भारत ३-० ने हरला. त्यानंतर पाचच दिवसांनी दिल्लीत त्याच संघाला २-२ असे रोखले. “पाच दिवसांत काय बदलले? माणसे तीच होती ना?” मामांचा आवाज एवढा चढला की खाली बसलेल्या राखीव खेळाडूंनी वळून पाहिले.

माझे मत विचाराल तर दोघेही बरोबर आहेत, आणि पडझडीचा सगळा हिशोब एका माणसाच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे आहे. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि ज्या उद्योगावर येथील मोठे क्लब उभे होते तोच उद्योग ठप्प झाला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली, एफसी गोवा आला आणि प्रेक्षकांचे लक्ष तिकडे गेले. कुलासो तोवर कोलकात्याला ईस्ट बंगालकडे गेले होते. २०१५ मध्ये धेंपो आय-लीगमधून खाली घसरला. पुढच्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून त्याने जागा परत मिळवली, आणि नेमके तेव्हाच, २०१६ मध्ये, भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याला विरोध म्हणून गोव्याच्याच साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांप्रमाणे धेंपोनेही राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. आय-लीगमध्ये परतायला २०२४ उजाडले. मधल्या काळात एक अख्खी पिढी धेंपो हे नाव फक्त वडिलांच्या तोंडून ऐकत मोठी झाली. पायऱ्या रिकाम्या का, याचे उत्तर मला या वर्षांमध्ये दिसते.

सामना बरोबरीत सुटला. परतताना स्कूटर चालूच होईना, तेव्हा टॅक्सीवाल्याने पंधरा-वीस किलोमीटरांसाठी जो आकडा सांगितला, तेवढ्यात मी कोल्हापूरहून डिचोलीला आले होते. संध्याकाळनंतर गोव्यात स्वतःचे वाहन नसलेल्या माणसाने काय करावे, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. शेवटी चालककाकांनी ओळखीच्या बसवाल्याला हात केला आणि आम्हा दोघांना पुढच्या बाकावर बसवून दिले. तिकिटाचे पैसे त्या माणसाने घेतलेच नाहीत.

बसमध्ये मामा मला त्या मुलांचे पुढे काय झाले ते सांगत राहिले. समीर नाईकांनी धेंपोचेच प्रशिक्षकपद सांभाळले आणि संघाला आय-लीगमध्ये परत आणले. क्लिफर्ड मिरांडांनी २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला. महेश गवळी राष्ट्रीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. ज्यांची नावे पायऱ्यांवर म्हटली जात होती, ती माणसे आता रेषेबाहेर उभी राहून दुसऱ्यांच्या मुलांना खेळ शिकवत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये कुलासोंना जीवनगौरव विभागातला द्रोणाचार्य पुरस्कार राष्ट्रपती भवनात मिळाला. मामांनी तो सोहळा घरी दूरदर्शनवर पाहिला, आणि मामींच्या सांगण्यानुसार त्या दिवशी त्यांनी शेजारच्या तीन घरांत जाऊन पेढे वाटले. “एवढा उशीर का लावला, हे मात्र कोणी सांगत नाही,” असे मामा बसमध्ये दोनदा म्हणाले.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मास्तर घरी आले. त्यांना कोल्हापूरला यायचे आहे, शाहू स्टेडियमवर गर्दीत बसून एक सामना पाहायचा आहे, आणि मामांना व चालककाकांनाही सोबत आणायचे आहे. आमच्या पेठेतला हंगाम सुरू झाला की मी त्यांना कळवणार आहे. माजघरात तिघांची सोय होईल, आईला मी आत्ताच सांगून ठेवले आहे.