तुम्ही विचारलंत म्हणून: पोरीचा गोंधळ होत नाही का?

पुण्या-मुंबईचे पाहुणे आमच्याकडं, कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला आले की हे विचारतातच, घरात मराठी, दारात कन्नड, पोरीचा गोंधळ होत नाही का? नाही होत.

लेक तीन वर्षांची होती तेव्हा माझ्या सासूबाईंना आजी म्हणायची आणि शेजारच्या कन्नड बाईंना अज्जी, एका ज चा फरक. पण आजीला हक्कानं 'पाणी दे' आणि अज्जीला 'नीर कोडरी', ती आदराची री सकट, हे तिला कुणी बसून शिकवलेलं नाही हो, समोर कोण आहे ते बघून पोर बोलायची. कधीतरी 'पाणी कोडरी' व्हायचंच, पण ते आम्ही मोठेही बाजारात करतो.

आणि या दोन भाषा इतक्या शेजारी नांदल्यात की 'जेवण झालं?' आणि 'ऊटा आत?' यात शब्द बदलतात, घडण तीच. सांगलीकडच्या कुपवाड गावाचा गंपर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांचा १९७१ चा अभ्यास प्रसिद्ध आहे, तिथं मराठी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्यांनी आपापले शब्द सांभाळले पण वाक्यरचना एकमेकांसारखी होत गेली.

मला काळजी वाटते ती अक्षरांची. १९५६ ला आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, त्याच वर्षी घटनेत ३५०अ कलम आलं, की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय राज्यानं करावी. म्हणून मी हट्टानं लेकीला मराठी शाळेत घातलं, आणि कन्नड पण नीट लिहायला यायलाच पाहिजे हाही हट्ट धरला, दोन्ही.

कारण सासूबाई. मराठी सातवी, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणार, कन्नड तर इतकं फाडफाड बोलतात की बाजारात त्यांना कुणी मराठी म्हणणार नाही. पण मागं जमिनीबद्दल एका ऑफिसातून कन्नड नोटीस आली आणि ती दोन दिवस देवघरात हळदीच्या डबीखाली पडून होती, कुणाला दाखवायचीही लाज वाटली त्यांना. तिसऱ्या दिवशी लेक शाळेतून आली, चौथीत होती, ओळीखाली बोट ठेवत तिनं अडखळत कन्नड वाचलं. वाचलं तिनं, पण 'वारसा'साठीचा तो ऑफिसातला शब्द काही तिला कळेना. सासूबाईंनी तो नुसता ऐकला आणि अर्थ सांगितला.